थांबायचं नाही

सांगलीच्या विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानावर पत्र्याची खोली आहे. तिथं लालासाहेब जगदाळे मेडिकलच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवायचे. शिकवायचे म्हणजे कवायत घ्यायचे. उभी हयात फौजेत शिक्षक-हवालदार म्हणून गेली. दहावी नापास जवानांच्या तोंडात इंग्रजी घालायचं, हेच काम. रिटायर झाल्यावर साताऱ्याहून लेकाकडं सांगलीला आले आणि नुसतं बसून भाकरी गिळणं जमेना म्हणून वर्ग काढला. वैद्यकातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, आणि ते लपवतही नव्हते.

"काळीज कुठल्या अंगाला असतंय ते मला इचारू नका," ते पहिल्याच दिवशी सांगायचे. "मी फकस्त तोंड उघडायला शिकवणार. एकदा उघडलं की मिटायचं न्हाई. थांबला तो मेला."

वर्गाला येणारी सगळी मराठी शाळेतली. जत, आटपाडी, माण, खटाव. दिवसभर वॉर्डात उभं राहून पाय मोडलेले, पोटात वडापाव, आणि वर हा म्हातारा बसू द्यायचा नाही. इंग्रजी उभ्यानंच बोलायचं, हा त्याचा नेम. साहेबापुढं कोण खुर्ची देतंय तुला, म्हणायचा.

क्रांती तिथं गेल्या पावसाळ्यापासून येत होती. वडूजची. बाप मोटार वाइंडिंग करायचा. गावात सगळे त्याला आबाच म्हणायचे, म्हणून तीही आबाच म्हणायची. मेडिकलला नंबर लागला तेव्हा बुद्धविहारात झालेल्या तिच्या सत्काराचा फोटो आबानं दुकानात लावला होता, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांशेजारी. फोटोतली पोरगी हसत होती. तेव्हा तिला वॉर्ड माहीत नव्हता.

पहिल्या वर्षाला काही वाटलं नव्हतं. हाडांची नावं सगळ्यांनाच परकी. पुण्याच्या पोरीलाही परकी आणि वडूजच्याही. पाठ करणाऱ्याला पाठ होतात. खरा घोळ वॉर्डात सुरू झाला. तिथली रीत अशी की पेशंटनं आपलं दुखणं मराठीत सांगायचं, पोरांनी ते ऐकायचं, आणि मग मोठे सर आले की त्याच पेशंटच्या खाटेशी उभं राहून तेच दुखणं इंग्रजीत सांगायचं. दुखणं त्याचं, शरीर त्याचं, आणि तो बापडा भटजीचे मंत्र ऐकावेत तसा आढ्याकडं बघत पडलेला. कुणाला यात काही वावगं वाटत नाही. इतकी वर्षं असंच चाललंय म्हटल्यावर वाटणार तरी कुणाला.

पहिल्या वेळी क्रांतीची दातखीळ बसली होती. पोट फुगलेल्या एका माणसाची केस होती. त्यानं सांगितलेलं सगळं तिला ठाऊक होतं, त्याच्या बायकोचं माहेरसुद्धा. पण दोन वाक्यं झाली आणि तिसरं येईना. सर्जरीचे प्रमुख डॉ. सरनोबत घड्याळाकडं बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, पुढच्या वेळी सोबत दुभाष्या आणा. बॅच हसली. मागून एक जण म्हणाला, मराठी मीडियम आणि वर कोटा, डबल धमाका. तो कोण, हे तिनं वळून पाहिलं नाही. पाहून काय करणार होती.

त्या वेळी ती नापास झाली. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. या खेपेला केस नीट सांगता आली नाही तर वॉर्डातली सर्जरीची पोस्टिंग पुन्हा करायची, विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं नाही, बॅच पुढं आणि ही मागं. आबाला अजून काही सांगितलं नव्हतं. त्याचा फोन आला की ती चांगलं चाललंय म्हणायची आणि तो म्हणायचा, चाललंच पायजे.

लालासाहेबांनी तिला घोटून घेतलं. केस सांगायचा एक ठरलेला साचा असतो. तो पोरांनीच त्यांना आणून दिला होता. त्याचं पहिलं वाक्य देशातल्या एकूण एक मेडिकलच्या पोराला झोपेतही येतं: पेशंट वॉज अ‍ॅपरन्टली ऑलराइट. म्हणजे अमुक दिवसांपूर्वीपर्यंत पेशंट वरवर पाहता बरा होता. क्रांतीला हे वाक्य कधी पटलं नाही. तिनं वॉर्डात पाहिलेल्या बाया वरवर पाहतासुद्धा कधी बऱ्या नव्हत्या. पण लालासाहेब म्हणाले, पटायचं काय हाय त्यात, लेफ्ट-राइट पटतंय व्हय कुणाला? पाय टाकायचा.

मग तिनं पाय टाकला. रोज. रिक्षाच्या हॉर्नवर आवाज चढवून, खालच्या झेरॉक्स मशीनच्या घरघरीवर ताल धरून. साच्याच्या शेवटी 'नो'ची एक माळ होती. नो डायबेटिस, नो बीपी, नो टीबी, नो अस्थमा, नो ऑपरेशन, नो ड्रग अ‍ॅलर्जी. ही माळ तिला सगळ्यात आवडायची. ती लागली की पाणी उताराला लागल्यागत जीभ आपोआप धावायची, आणि शेवट जवळ आला हे कळायचं. लालासाहेबही तिथं डोळे मिटून टेबलावर बोटं वाजवायचे.

"अडकलीस की गाळ आणि फुडं हो," ते सांगायचे. "साहेबाला गाळलेलं दिसत न्हाई, अडकलेलं दिसतंय. बोलणाऱ्याची माती खपती, पोरी."

परीक्षेच्या सकाळी तिच्या वाट्याला आलेली बाई निघाली धोंडुबाई. खटाव तालुक्यातलीच, क्रांतीच्या गावापासून हाकेच्या अंतरावरची. इस्लामपूरला लेकीकडं आली होती, जावयाच्या उसाच्या फडात जनावरांसाठी वाढं गोळा करायला गेली आणि तोडलेल्या उसाचं टोकदार बुडकं पायात घुसलं. चार दिवस हळद लावून बसली. पाय घोट्याच्या वर लालबुंद सुजला तेव्हा जावयानं आदल्या संध्याकाळी आणून टाकलं.

"तू वडूजची?" म्हातारी उठूनच बसली. "कुणाची गं?"

क्रांतीनं सांगितलं. म्हातारीला मोटार वाइंडिंगवाला आबा लगेच कळला. विहिरीवरची मोटार जळाली होती तेव्हा तिच्या पोरानं त्याच्याकडंच नेली होती. मग काय, धोंडुबाईनं पायाचं सोडून सगळं सांगायला घेतलं. विहिरीचं, पोराचं, सुनेचं. क्रांतीच्या हातातलं घड्याळ पळत होतं. ती मधेच पायावर बोट दाबायची, ताप आला का विचारायची, आणि म्हातारी एका शब्दात उत्तर देऊन परत विहिरीवर जायची.

त्यातच तिनं सुईचं सांगितलं. मागं एकदा घसा धरला होता तेव्हा तालुक्याच्या एका डॉक्टरनं सुई टोचली. घरी पोचायच्या आत अंगभर पित्त उठलं, तोंड भोपळ्याएवढं सुजलं, श्वास घेता येईना. जीप करून साताऱ्याला नेली. जीपमध्ये भावजयीनं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती मोठ्यानं रडत होती. तिला वाटलं, ही गेली. हे सांगताना धोंडुबाई हसत होती. मरता मरता वाचलेली माणसं सांगताना हसतात.

क्रांतीनं ऐकलं. नीट ऐकलं. पेनही टेकवलं. पण जीप, मांडी, भोपळा हे सगळं इंग्रजीत कुठून सुरू करायचं, कुठल्या वाक्याच्या मागं लावायचं, हे तिला सुचेना. साच्यात त्याला जागा दिसत नव्हती. नंतर बघू म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं आणि पायाकडं वळली. तेवढ्यात सर आले. ठरल्या वेळेच्या आधी आले, मोठी माणसं येतात तसे.

आणि क्रांती बोलली.

पेशंट वॉज अ‍ॅपरन्टली ऑलराइट, इथून जी सुटली ती थांबलीच नाही. पाय कधी टोचला, सूज कुठून कुठवर चढली, ताप कधी आला. आवाज लालासाहेबांच्या खोलीत यायचा तसाच आला. समोर सरनोबत सर आहेत, बॅच आहे, हे ती विसरून गेली. नो डायबेटिस, नो बीपी. माळ लागली. जीभ उताराला लागली. नो ऑपरेशन, नो ड्रग अ‍ॅलर्जी. दॅट्स ऑल, सर.

कुणी हसलं नाही. सरांनी पायाकडं पाहिलं, मग हिच्याकडं.

"गुड," ते म्हणाले. "बरीच सुधारणा."

एवढ्या एका शब्दासाठी तिनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, आलं नाही. नुसता थकवा आला, ओझं उतरवल्यावर खांदे दुखतात तसा. सरांनी डॉ. जयराजला, म्हणजे वॉर्डाच्या निवासी डॉक्टरला, एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, दुपारपासून सुरू करा म्हणाले. जयराजनं केसपेपरवर लिहिलं. क्रांतीला केसपेपर दिसत होता. त्यावर जयराजनं आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं, औषधाची अ‍ॅलर्जी नाही. तो प्रत्येक पेपरवर तेच लिहायचा. सगळेच लिहितात. लिहिताना कुणी वर बघत नाही.

इंजेक्शनचं नाव मात्र क्रांतीच्या कानात राहिलं. औषधशास्त्रात पाठ केलेलं पान डोळ्यापुढं आलं. अंगावर पित्त उठणं, तोंड सुजणं, घसा आवळणं. त्या पानावर ते सगळं होतं. जीप तेवढी नव्हती.

बॅच पुढच्या खाटेकडं निघाली. क्रांतीचे पाय जागचे हलेनात. तिची रूममेट संयोगिता, इस्लामपूरच्या कारखान्याच्या संचालकाची मुलगी, मनानं वाईट नव्हती. तिनं मागं येऊन दंडाला धरलं आणि विचारलं की काय झालं. क्रांतीनं कानात सांगितलं.

"वेडी आहेस का?" संयोगिता कुजबुजली. "पास झालीयेस. राउंड संपल्यावर सिस्टरला हळूच सांगू. आत्ता बोललीस तर जयराज सर आणि तू दोघं मरताय."

हे शहाणपणाचंच होतं. राउंड संपल्यावर सिस्टरला सांगता आलं असतं. पण सिस्टर विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून सरांची ऑर्डर थांबवणार का? जयराजला विचारणार, आणि जयराज म्हणणार, मी विचारलंय, लिहिलंय. राउंड कधी संपेल, त्याआधी सुई भरली जाईल का, कुणाला ठाऊक. क्रांतीला कंटाळा आला. या सगळ्याचाच कंटाळा आला. कुणी कुणाला काय सांगायचं, कुणाच्या वाटेनं सांगायचं, कुठल्या भाषेत सांगायचं.

ती पुढच्या खाटेशी गेली. दुसरा मुलगा केस सांगत होता. ती मधेच म्हणाली, "सर, आय लेफ्ट वन थिंग."

सरनोबत सरांनी मान वळवली. क्रांतीनं पुढचं वाक्य काढायचा प्रयत्न केला. धिस पेशंट, म्हणाली. वन इंजेक्शन, म्हणाली. मग पुढचा शब्द येईना. बॅचमध्ये कुणीतरी नाकातून श्वास सोडला. सर म्हणाले, इन इंग्लिश, प्लीज.

"सर, मला इंग्रजीत येणार नाही," क्रांती म्हणाली. "त्या आजीला सुईनं रिअ‍ॅक्शन आलेली आहे. मरता मरता वाचल्यात. मला सांगितलं होतं त्यांनी. मी बोलताना गाळलं."

सगळा घोळका परत धोंडुबाईच्या खाटेशी आला. जयराजचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, सर, मी स्वतः विचारलं होतं, काही नाही म्हणाल्या. ते खोटं नसेलही. आजी अ‍ॅलर्जी आहे का, असं जाता जाता विचारलं असेल, आणि म्हातारीनं न्हाई म्हटलं असेल. असलं काही आपल्यापाशी आहे, हे तिला काय माहीत.

सरांनी स्वतः विचारलं. आवाज मऊ करून, स्वच्छ मराठीत. "आजी, कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का तुम्हाला?"

धोंडुबाईनं पदर डोक्यावर ओढला. पांढऱ्या कोटांची भिंत पाहिली. मधोमध उभ्या क्रांतीचं पडलेलं तोंड पाहिलं.

"न्हाई जी," ती म्हणाली. "काय बी न्हाई. समदं ब्येस हाय."

आता सगळे क्रांतीकडं बघायला लागले.

क्रांतीला राग यायला हवा होता, आला नाही, कारण तिला म्हातारी आरपार कळली. ती स्वतः अशाच घरात वाढली होती. मोठ्या माणसानं विचारलं तर तक्रार सांगायची नसते. एका डॉक्टरची कागाळी दुसऱ्या डॉक्टरपाशी केली तर दुसराही हात लावत नाही. आणि वर म्हातारीला वाटलं होतं की आपण बडबडलो म्हणून वडूजच्या आबाच्या पोरीला साहेब रागावतोय. ती पोरीला वाचवत होती. स्वतःचा जीव घालून वाचवत होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

विद्यार्थ्यानं पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, असा वॉर्डाचा नियम आहे. क्रांती बसली. तिनं सुईचं नाव काढलं नाही. म्हातारीचा हात हातात घेतला.

"आवं आज्जी, जीपीत तुमची भावजय का रडत हुती?"

धोंडुबाईनं सरांकडं एक नजर टाकली.

"त्ये कशाला आता?" ती पुटपुटली.

"सांगा की. मला कुणी रागवत न्हाई. का रडत हुती?"

"रडंल न्हाई तर काय करंल?" म्हातारी म्हणाली. "माजं डोस्कं तिच्या मांडीवर, त्वांड ह्ये एवढं, डोळं झाकल्यालं. तिला वाटलं, वन्सं गेली."

"त्वांड कशानं सुजलं हुतं?"

"आगं, सुईनं. सांगितलं न्हवं तुला मगाशी?"

सरनोबत सरांनी जयराजच्या हातातून केसपेपर घेतला, इंजेक्शनचं नाव खोडलं, दुसरं लिहिलं, आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेननं मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून खाली रेघ ओढली. जयराजला पोरांसमोर एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टर डॉक्टरला पोरांसमोर बोलत नसतात. मग क्रांतीकडं वळले.

"हिस्टरी अपूर्ण सांगितलीत. माहीत असून सांगितली नाहीत," ते म्हणाले. "रिपीट."

पेपर परत देताना त्यांनी म्हातारीच्या खांद्याला हात लावला आणि पुढच्या खाटेकडं गेले. क्रांतीला थँक्यू नाही की काही नाही. आणि त्यांचं चुकलं होतं, असंही म्हणता येत नव्हतं. तीच तर खरी जळजळ होती. गाळलं तिनंच होतं. पण वर न बघता लिहिणारा संध्याकाळी चहा पिणार होता, आणि विचारून ऐकणारी पुढच्या बॅचबरोबर पहिल्यापासून उभी राहणार होती. चूक आपली आहे हे कळल्यानं राग कमी होतो असं कुणी सांगितलं तर समजावं, त्याला कधी रिपीट मिळालेलं नाही.

"माज्यामुळं बोललं का गं त्ये तुला?" धोंडुबाईनं विचारलं.

"न्हाई आज्जी," क्रांती म्हणाली. "पाय उशीवर ठेवा."

संध्याकाळी ती होस्टेलला न जाता विश्रामबागेत गेली. का गेली, तिलाही सांगता आलं नसतं. पाय तिकडं वळले. वर्ग सुरू झाला होता. लालासाहेबांनी तिला दारात पाहिलं आणि विचारलं, काय रिझल्ट. तिनं उभ्यानं, सपाट आवाजात सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. सांगताना कुठंच अडकली नाही. मराठीत होतं ना.

लालासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, तसाच हातात ठेवला.

"थांबलीस म्हण की," ते म्हणाले.

"थांबले."

"म्हातारी बरी हाय?"

"हाय. पायाची सूज उतरंल."

"मग बस."

वर्गात बसायला सांगितलेली ती पहिलीच. ती भिंतीकडेच्या बाकावर बसली. जतचा कपिल केस सांगत होता, त्याला पुढं चालू म्हणाले. पेशंट वॉज अ‍ॅपरन्टली ऑलराइट. खाली मशीन घरघरत होतं. कपिल चांगला सुटला, माळेवर आला. नो डायबेटिस, नो बीपी, नो टीबी.

लालासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "इचारलंस?"

कपिल गडबडला. "आं?"

"टीबी न्हाई म्हणालास. इचारलंस त्याला?"

"सर, इथं पेशंट कुठं हाय? कुणाला इचारू?"

पोरं हसली. लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी भिंतीजवळची मोडकी खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसले. वर्गात ते बसलेले कुणी पाहिले नव्हते.

"मी हाय," ते म्हणाले. "मला इचार. मराठीत इचार. मी काय सांगतो ते ऐक, मग बोल. अडकलास तर अडक."

कपिलनं इकडंतिकडं बघितलं, आणि मग भीत भीत विचारलं, "आजोबा, तुमाला कवा टीबी झाला हुता का?"

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "लडाखला. सहा महिने पडून हुतो."

ते खरं होतं की सरावापुरतं, हे कुणाला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. कपिल इंग्रजी जुळवत उभा राहिला. जुळेना. कुणी त्याला घाई केली नाही.

क्रांतीनं बाकावर डोकं टेकलं. खिशात फोन थरथरला. आबाचा असणार, या वेळेला त्याचाच असतो. चांगलं चाललंय असं आज म्हणता येणार नव्हतं. तिनं फोन काढला, कानाला लावला, आणि दुकानातल्या ग्राइंडरचा आवाज थांबेपर्यंत वाट बघत राहिली.

"आबा," मग ती म्हणाली, "जरा बसून ऐका."